गाडीला शेपूट लावून आम्ही इलीला गेलो

जानेवारीत गाडी काढून मिनेसोटाच्या उत्तर टोकाला जायचं, ही कल्पना माझी नव्हती हे आधीच सांगून टाकते. आमच्या ईडन प्रेरीतच थंडी एवढी पडते की आणखी थंडी शोधायला पाच तास ड्राइव्ह करणाऱ्यांची मला काळजीच वाटते. पण डिसेंबरात आमच्या मुलीचा, जुईचा, फोन आला. इलीजवळ तिची पहिली स्लेड डॉग रेस होती, म्हणजे बर्फावरून कुत्र्यांनी ओढायच्या गाडीची शर्यत. "यू गाइज शुड कम," ती म्हणाली.

जुई सव्वीस वर्षांची, बायोमेडिकल इंजिनिअर. दोन वर्षांपूर्वी चांगला जॉब सोडून ती इलीच्या एका केनेलमध्ये, कुत्री पाळतात तिथे, गेली आणि पर्यटकांना कुत्र्यांच्या गाडीतून फिरवायला लागली. लोकांनी विचारलं की मी "नॉर्थला फील्डवर्क करते" असं सांगून विषय बदलते. माझी मैत्रीण शुभदा नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला, एका औषध कंपनीत मॅनेजर आहे. तिने जुईसाठी एक जागा जवळजवळ राखूनच ठेवली होती. मंगळवारी फक्त एक इंटरव्ह्यू, तोही व्हिडिओवर. रेस शनिवारी होती. तेव्हा खरं सांगायचं तर मी रेस बघायला निघालेच नव्हते, मी मुलीला परत आणायला निघाले होते.

हे मी फक्त मिलिंदला, माझ्या नवऱ्याला, सांगितलं होतं. सासऱ्यांना, म्हणजे अप्पांना, सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या पोटात काही राहत नाही. अप्पा नागपूरहून सहा महिन्यांसाठी आले होते आणि नात शर्यतीत उतरणार म्हणून भलतेच खूश होते.

पहिला धक्का घरबसल्याच बसला. केबिन बुक केली तर मालकीणबाईंचं ईमेल आलं की तुमच्या गाडीला ब्लॉक हीटर आहे का. मिलिंदने "हो, सीट पण गरम होतात" असं कळवलं. त्यावर उलट उत्तर आलं की सीटचं नाही, इंजिनचं विचारतेय. उणे वीस फॅरेनहाइटच्या खाली इंजिनमधलं ऑइल घट्ट होतं, बॅटरीचा जोर निम्म्यावर येतो आणि सकाळी गाडी सुरू होत नाही. म्हणून तिकडचे लोक इंजिनला हीटर बसवतात आणि गाडी रात्रभर प्लगला लावून ठेवतात. आठ वर्षं मिनेसोटात राहून हे आम्हाला माहीत नव्हतं, कारण आमची गाडी गराजमध्ये झोपते.

मिलिंदने अर्थातच एक तक्ता बनवला. चुंबकाचा हीटर सगळ्यात स्वस्त, चाळीसेक डॉलर, इंजिनच्या तळाच्या ऑइल पॅनला खालून चिकटवायचा आणि ट्रिप झाली की काढून ठेवायचा. चिकटपट्टीचा पॅड थोडा महाग, पण तो लावायला जागा कोरडी आणि स्वच्छ हवी. ऑइल मोजायच्या दांडीच्या जागी घालायचा हीटर दिसायला छान, पण त्याचा जीव अगदीच लहान. आणि खुद्द इंजिनमध्ये बसवायचा ब्लॉक हीटर, जो मेकॅनिककडूनच बसवून घ्यावा लागतो. मिलिंदने चुंबकाचा मागवला. रविवारी तो गाडीखाली आडवा झाला, हीटर लावला आणि हीटर त्याच्या छातीवर पडला. तीन वेळा पडला. आमच्या गाडीचा ऑइल पॅन अ‍ॅल्युमिनियमचा निघाला. तुम्ही घेणार असाल तर आधी फ्रीजवरचं एखादं मॅग्नेट पॅनला चिकटतं का ते बघा, मग पैसे घाला.

शेवटी गॅरेजमध्ये जाऊन ब्लॉक हीटर बसवला. मजुरीसकट साडेतीनशेच्या आसपास गेले. पुढच्या जाळीतून तीन पिनांचा काळा प्लग बाहेर लोंबायला लागला. "गाडीले शेपूट आलं, तेही तोंडाकडून," अप्पा म्हणाले. बरोबर बाहेर वापरायची जाड एक्स्टेन्शन कॉर्ड घ्या, घरातली पातळ अजिबात नको.

शुक्रवारी सकाळी निघालो. डलुथपर्यंत हायवे उत्तम. तिथे वाइल्ड राइसचं सूप प्यायलो, दाट आणि गरम, आणि मी केलेल्या मेथीच्या दशम्या पार्किंगमध्ये गाडीत बसून खाल्ल्या. टू हार्बर्स गावापर्यंत उजव्या हाताला लेक सुपीरियर दिसत राहतं, त्यावर वाफ तरंगत असते. टू हार्बर्सला पेट्रोल भरून घ्याच, कारण तिथून आत वळलं की झाडं आणि बर्फ यांखेरीज काही नाही. फोनची रेंज गेली. डॅशबोर्डवरचा आकडा उणे आठ, उणे चौदा, उणे एकवीस असा उतरत गेला तसं आमचं बोलणंही कमी होत गेलं.

इलीत मी गाडीतून उतरले आणि नाकातले केस कडक झाले. खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं आणि ते पापण्यांवर गोठलं. माणसं मात्र टोपी न घालता रस्त्याने गप्पा मारत चालली होती. किराणा दुकानाबाहेर दोन ट्रक चालू ठेवून मालक आत खरेदी करत होते, आणि बहुतेक गाड्यांच्या तोंडातून आमच्यासारखंच शेपूट लोंबत होतं. मी पेस्टी खाल्ली, मोठ्या तिखट करंजीसारखी असते, आत बटाटा आणि गाजर. व्हेज मागून घ्या.

जुई त्या संध्याकाळी भेटली नाही, स्पर्धकांची मीटिंग होती. फोनवर म्हणाली, "आई, बी देअर बिफोर टेन, ओके? आय गेट नर्व्हस." इतक्या वर्षांत तिने मला असं काही म्हटलं नव्हतं. केबिनसमोर खांबाला सॉकेट होता. मिलिंदने प्लग लावला, कॉर्ड ओढून बघितली, आणि आम्ही निर्धास्त झोपलो.

सकाळी उणे पस्तीस. मिलिंदने गाडी चालू करायचा प्रयत्न केला. एक जड कण्हल्यासारखा आवाज आला, मग नुसतं टकटक, मग काहीच नाही. मी पुढे जाऊन बघितलं तर एक्स्टेन्शन कॉर्ड खांबाच्या हुकला नीट गुंडाळून ठेवलेली होती.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"मीच केलं," अप्पा दारातून म्हणाले. "झोपताना सगळे बटन बंद करतो ना मी. खिडकीतून पायलं तर हाही सुरूच. म्हटलं, रात्रभर काहून त्या बाईचं मीटर पळवायचं?"

"अप्पा, तुम्ही बाहेर गेलात? एवढ्या थंडीत?" मिलिंदने विचारलं.

"तुझा कोट घातला होता. पायात चपला होत्या."

मला आधी गाडीचं वाईट वाटावं की शहात्तर वर्षांचा माणूस त्या थंडीत चपला घालून बाहेर गेला याचं, हेच कळेना. आमच्या घरात ही त्यांची रोजची फेरी असते. गीझर, मिक्सर, टीव्ही, चार्जर, सगळं बंद केल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. हे माहीत असून आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

मालकीणबाई रेसच्या कामाला गेल्या होत्या. फोनवर म्हणाल्या की उगाच सारखी चावी फिरवू नका, प्लग लावा आणि निदान तीन तास थांबा. तिकडे टॅक्सी वगैरे काही नसते. मिलिंदने जुईला मेसेज केला. उत्तर लगेच आलं. "नो वरीज. डोंट कम टू द स्टार्ट, गो टू द रोड क्रॉसिंग." खाली नकाशा. माझ्यासाठी वेगळं एक अक्षर नाही. मी संतापले होते. पहिल्यांदा पोरीने बोलावलं आणि आम्ही एका प्लगपायी पोचलो नाही, आता कॅरीच्या नोकरीचं कुठल्या तोंडाने काढू? अप्पांनी चहाला हात लावला नाही. खुर्ची खिडकीशी ओढून ते त्या कॉर्डकडे बघत बसले, जसं काही कुणी परत काढून नेईल.

दहा वाजून गेले, मग अकराही. त्यानंतर कधीतरी गाडी कुरकुरत एकदाची सुरू झाली.

क्रॉसिंग म्हणजे जंगलातला एक रस्ता, त्यावर पसरलेला बर्फ आणि नारिंगी जाकिटातले दोघे स्वयंसेवक. आम्ही उभे राहिलो. कुत्र्यांच्या दोन गाड्या गेल्या. दोन्ही हाकणाऱ्यांनी "जी!" असं ओरडून कुत्र्यांना उजवीकडे वळवलं. मग झाडांतून सहा कुत्री आली, मागे उभी एक आकृती, भुवयांवर पांढरा बर्फ. आणि त्या जंगलात मला माझ्या मुलीचा आवाज ऐकू आला.

"चला रे चला! उजवीकडे! उजवीकडे! शाब्बास!"

कुत्री वळली. सहाच्या सहा, एका शब्दावर. जुईने आमच्याकडे बघून हात वर केला, थांबली नाही, आणि "पळा, पळा, पळा" करत झाडांत दिसेनाशी झाली. जी मुलगी अमेरिकेतल्या बालवाडीत गेल्यापासून माझ्या प्रत्येक वाक्याला इंग्लिशमध्ये उत्तर देते, ती.

"मराठीत बोलून राहिली ना बाप्पा," अप्पा म्हणाले आणि रडायलाच लागले. मिलिंदने त्यांचे गाल मफलरने पुसले, कारण तिथे रडणंसुद्धा धोक्याचं आहे.

संध्याकाळी शर्यत संपते तिथे ती भेटली. नववी आली होती, बारापैकी. आधी तिने कुत्र्यांना खायला घातलं, मग एकेकाचे पंजे तपासले, मग अप्पांना मिठी मारली, आणि मग माझ्याजवळ आली. मी तिला विचारलं, मराठी का?

"सगळे सेम कमांड्स वापरतात ना," ती म्हणाली. माझ्याशी बोलताना तिचं एखादं वाक्य तरी मराठीत आलं, याचाच मला धक्का बसला. "स्टार्टला दुसरा कोणी ओरडला तर माझे डॉग्ज कन्फ्यूज होतात. सो आय यूज मराठी. नोबडी एल्स हॅज इट."

"पण तुला येतं कुठे?"

ती हसली. "आई, ऊठ, चल, आटप, पळ, थांब, इकडे ये, सरळ बस. माझं सगळं मराठी म्हणजे तुझ्या ऑर्डर्स. इट्स परफेक्ट फॉर डॉग्ज."

मिलिंद एवढा हसला की त्याला खोकला आला. मला हसू आलं, आणि आत कुठेतरी लागलंही. कॅरीचं वाक्य मी दिवसभर जिभेवर तयार ठेवलं होतं. समोर ती गुडघ्यांवर बसून एका दमलेल्या कुत्रीच्या कानाशी "बस, बस, झालं आता" असं म्हणत होती. ते वाक्य मी तिला सांगितलं नाही.

रविवारी परतलो. रात्री मिलिंदने प्लगवर चिकटपट्टी लावली होती आणि अप्पांनी स्वतः दोनदा तपासून घेतलं होतं. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. हीटरवर घातलेले पैसे वसूल झाले का असं विचाराल तर झाले, आणि तुम्ही डलुथच्या वर जाणार असाल तर बसवाच. अंग दोन दिवस दुखत होतं. जेवताना, झोपताना त्या सहा कुत्र्यांचं एकदम वळणं डोळ्यांसमोरून जाईना.

सोमवारी शुभदाचा फोन आला. "काय गं, उद्याचं पक्कं ना? मी टीमला सांगून ठेवलंय."

"नाही येत जुई," मी म्हटलं. "तिला तिकडे काम आहे."

"ते फील्डवर्क? अगं, त्यात काय आहे?"

"फील्डवर्क नाही गं. ती कुत्र्यांची गाडी हाकते. सहा कुत्री असतात. मराठीत हाकते."

"कुत्र्यांची गाडी?" पलीकडून शुभदा म्हणाली. तिला बसलेला धक्का मला फोनवरूनही कळत होता, आणि तो कमी करायला मी काहीही बोलले नाही.