आप्पांच्या घड्याळातला शिक्का

माझे वडील, आमचे आप्पा, फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झाले, पण हुकूम सोडायची सवय काही रिटायर झाली नाही. गावातल्या पोरापोरींबरोबर मी पोलीस भरतीची तयारी सुरू केली आणि त्यांना आयती पलटण मिळाली. पाटणजवळच्या आमच्या गावच्या माळावर ते रोज सकाळी जुनं परदेशी घड्याळ घेऊन उभे. बाजूचं बटण दाबलं की काटा सुटतो, पुन्हा दाबलं की थांबतो. मी जीव तोडून पळायची आणि हे म्हणायचे, "वेळेत न्हाई बसत. थोडक्यात गेलं." रोज थोडक्यात! इकडे आत्यानं स्थळं बघायला घेतलेली. यंदाची भरती हुकली की मी बोहल्यावर, हे ठरलेलंच.

एकदा घड्याळ अडकलं म्हणून कराडला दुरुस्तीला नेलं. मागचं झाकण उघडलं, तर आतल्या यंत्रावर इंग्रजीत शिक्का: 'अनॲडजस्टेड'. म्हणजे चाल जुळवलेलीच नाही! मला तिथंच नाचावंसं वाटलं. फोटो काढला आणि माळावर सगळ्यांसमोर आप्पांच्या नाकापुढं धरला. "आवं आप्पा, घड्याळच बोगस हाय!" मग काय, ज्याची त्याची वेळ चुकलेली निघाली. रोज निम्म्यातून चालत येणारा एक गडीसुद्धा म्हणाला, "तरीच म्हटलं!" आप्पांनी घड्याळ खिशात टाकलं आणि घरची वाट धरली.

संध्याकाळी मोबाईलवर शोधलं. घड्याळ अमेरिकेला पाठवायला बनवलेलं. तिकडे चाल जुळवलेल्या घड्याळावर जकात जास्त, म्हणून कारखानदार जुळवलेल्या घड्याळावरही बिनधास्त हा शिक्का मारायचे. काय एकेक बिलंदर! मोबाईल आणि घड्याळ शेजारी ठेवून चालवून बघितलं. काडीचा फरक नाही.

मग माझीच वेळ का बसत नव्हती? दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला आप्पांच्या हातावर नजर ठेवायला लावलं. ती हसतच आली. "अगं, तू वाकलीस की ते बटण दाबत्यात. 'पळ' मागनं म्हणत्यात!"

असला संताप आला! "आप्पा, किती रडवलंत मला!"

"भरतीत पोरी अंगावर पडत्यात. धक्का बसला तर? म्हणून दोन-चार सेकंद गाठीला ठिवले."

"मग सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर पळली असतीस व्हय गं?"

सगळ्या माळानं त्यांचं हसं केलं, तरी या माणसानं तोंड उघडलं नव्हतं. मला रडूच फुटलं.

भरतीत सुरुवातीलाच एकीचं कोपर बसलं आणि मी आडवी. उठले, पळाले, तरी वेळ बसली.

आता सुट्टीला आले की माळावर जाते. नव्या पोरी तक्रार घेऊन येतात, "ताई, सुभेदारकाका काय पास करत न्हाईत." त्यांच्या मागं आप्पा बटणावर अंगठा ठेवून उभे असतात. मी म्हणते, "मग पळा की जरा जोरात!"