मेला म्हणजे कोणता मेला

“मेला! मेला!” फोनमधून दहा-वीस पोरं ओरडत होती. आफ्रिकेतली पोरं, अन् ओरडत होती चक्क आमच्या मराठीत. पडद्यावर माझा मित्र लाल मातीत पालथा पडलेला. तेवढ्यात चित्र थिजलं, आवाज बुडाला, फोन कटला.

रविवारची भर दुपार होती. मित्राची आई चर्चमधून आली की मस्तगडच्या त्यांच्या घरी जाऊन मी तिला फोन लावून द्यायचो. तिला मी मावशी म्हणतो.

मित्र आमच्या कबड्डी संघाचा चढाईवाला. दम असा, की वाटूरच्या मैदानावर त्यानं चढाई सुरू केली, मी कुंभार पिंपळगावचा बाजार करून परत आलो, तरी याचं ‘कबड्डी कबड्डी’ त्याच श्वासात चालू. यातला बाजार मी वाढवला, दम न्हाई. खेळावर लागलेली नोकरी सोडून तो प्रभूचं काम करायला तिकडं गेला अन् पोरांना बायबलाच्या आधी कबड्डी शिकवून बसला. गेल्या महिन्यात तापानं पार अंथरुणाला खिळल्ता. तो पायावर उभा दिसावा, एवढंच मावशीला आज पाहिजे होतं.

“खरं सांग लेका,” ती म्हणाली, “मेला म्हणजे कोणता मेला?”

“खेळातला, मावशी. बाद झालेल्याला आपण मेलाच म्हणतो की. समोरचा एक मारला का आपला उठतो.”

जन्मभर थापा मारल्या, लोकांनी बराबर गिळल्या. आज खरं बोललो तर माझंच मला पटेना.

मी फोन लावत राह्यलो. लागेना. अन् मग खोलीत कुठूनतरी ते सुरू झालं. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. बारीक, कुठंही न तुटणारं. फोन कानाला लावला, तो मुका. खिडकीबाहेर गल्ली रिकामी. अन् ताल बिलकुल त्याचाच होता.

वळून बघतो तर मावशीचे ओठ हलत होते. नजर भिंतीवरच्या क्रूसावर, चेहरा काळानिळा. श्वास घेतच नव्हती. मी खांदा धरला, तिनं झटकला. दम तुटला की चढाईवाला गेला, एवढा खेळ तिला येत होता.

फोन वाजला तेव्हा कुठं तिनं श्वास घेतला.

“काय रे,” मी विचारलं, “मेल्ता का तू?”

“मेल्तो,” तो म्हणाला. “मंग उठलो.”