अमोस भिंगारदिव्यांचा भोंगा

रिबेका कॉटवर आडवी होते तेव्हा घड्याळात साडेतीन वाजलेत आणि तिचे पाय अजून चालूच आहेत. आज उत्तम शुक्रवार, गुड फ्रायडे. बारा ते तीन उपासना झाली, येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांची, आणि तीन तास चर्चची पायपेटी वाजवायची म्हणजे तीन तास खालच्या फळ्या दाबायच्या. एक पाय, दुसरा पाय, पुन्हा पहिला. वर सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही. आता डोळे मिटले तरी पोटऱ्या आपल्या आपणच हलतायत. दहा मिनिटं पडू, असं तिनं ठरवलंय, कारण पाचच्या गाडीनं अबी पुण्याला निघायचीय आणि तिच्याशी अजून धड बोलणं झालेलं नाही.

बोलणं कसलं, भांडणच ते. अबिगेल तिची एकुलती एक, वय एकोणीस, पुण्याला कॉलेजात. तिथे कुणा सरांकडे ही बया दोन वर्षं सॅक्सोफोन शिकली आणि घरी पत्ता लागू दिला नाही. आता परवा, ईस्टरला, पुनरुत्थानाच्या पहाटे, तिथल्या एका चर्चात तिचा ग्रुप जाझ वाजवणार आहे. होय, चर्चात आणि जाझ, आता बोला! सरांचं वाद्य त्या दिवशी सरांनाच लागणार, तेव्हा अबीला आजोबांचं हवंय. आजोबा म्हणजे अमोस भिंगारदिवे, रिबेकाचे वडील, पाच वर्षांपूर्वी वारले. त्यांचा सॅक्सोफोन, ज्याला अख्खी गल्ली भोंगा म्हणायची, तो या कॉटखालच्या ट्रंकेत कुलपात आहे. त्याच्यापायी रिबेकाचा जीव गेले तीन आठवडे थाऱ्यावर नाही.

गोष्ट अशी आहे. अमोस भिंगारदिवे तरुणपणी मुंबईच्या एका हॉटेलात, जाझच्या बँडमध्ये वाजवायचे. इकडे नगरच्या मंडळीत त्यावरून कुजबूज चाले, की जिथे लोक पितात नि नाचतात तिथे वाजणारं ते, ख्रिस्ती माणसाला शोभतं का. मग पाच वर्षांच्या रिबेकाला घटसर्प झाला, आज जाते की उद्या अशी अवस्था झाली, आणि ती वाचली. पप्पांनी वाद्य खाली ठेवलं ते कायमचं. वाद्य सोडलं म्हणून देवानं मुलगी दिली, असं सगळे म्हणत आले आणि रिबेका तेच ऐकत मोठी झाली. मरणाच्या आदल्या दिवशी पप्पांनी तिला पवित्र शास्त्रावर, बायबलवर हात ठेवायला लावला. हे पुन्हा वाजता कामा नये, म्हणाले, वाजलं तर देवानं जे दिलंय ते तो परत मागेल. तिनं शपथ घेतली. आणि देवानं दिलेलं असं तिच्याकडे दुसरं आहे काय? अबीच.

हे सगळं तिनं लेकीला सांगून पाहिलं. देव असा डूख धरून बसतो का मम्मी, असं अबीनं विचारलं, आणि रिबेका ओरडली. आता स्वयंपाकघरात अबी डबा भरतेय, झाकणं जरा जास्तच आपटतेय.

झाकण वाजतं. पाय दाबला जातो. मग दुसरा पाय.

पाय फळ्यांवरच आहेत. ती पायपेटीपाशी बसलीय, चर्चात, आणि तिला त्याचं काही नवल वाटत नाही. वेदीवरच्या क्रूसाला काळं कापड गुंडाळलंय, बाकांवर कुणी नाही, पण प्रत्येक बाकावर गीतांची पुस्तकं उघडी ठेवलीत. ती पट्ट्या दाबते. सूर येत नाही, नुसता वारा येतो, कुणी कष्टानं श्वास घ्यावा तसा. ती जोरात दाबते, श्वास जोरात होतो. मग तिच्या ध्यानात येतं की हा श्वास पेटीतून येतच नाही, पाठीमागून येतोय.

ती मान वळवते. चर्च आहे त्याहून लांब झालंय आणि बाकांच्या जागी लोखंडी खाटा आहेत, पांढऱ्या रंगाच्या. फिनेलचा वास येतोय. हा तोच दवाखाना, लहानपणी ती जिथे महिनाभर होती. सगळ्या खाटा रिकाम्या, एक सोडून, आणि ती अगदी टोकाला आहे. तिथे जायचं नाही, हे रिबेकाला पक्कं ठाऊक आहे. पण पाय फळ्या दाबतायत, आणि एकेका दाबासरशी ती खाट जवळ येतेय. ती गुडघे घट्ट धरते. पाय ऐकत नाहीत.

खाटेवर पाच वर्षांची मुलगी आहे. गळा सुजलेला, ओठ फुटलेले, वेणी सुटलेली. ही मीच, असं रिबेका स्वतःला बजावते. तेवढ्यात मुलगी कूस बदलते आणि तिच्या भुवईवरचा तीळ दिसतो. रिबेकाच्या भुवईवर तीळ नाही. तीळ अबीला आहे.

ती उठून धावते, दोन पावलांतच पोचते आणि तिथेच थिजते, कारण खाटेच्या पायथ्याशी एक माणूस पाठमोरा बसलाय. अंगात काळा कोट. तो कोट कॉलरपासून खालपर्यंत मधोमध कापलेला, आतला सदराही कापलेला, फटीतून पाठीची कातडी दिसतेय. मेलेल्या माणसाचे हात ताठरलेले असतात, ते बाहीत जात नाहीत, म्हणून कोट मागून कापून वरून चढवावा लागतो. ती कात्री पाच वर्षांपूर्वी रिबेकाच्याच हातात होती.

माणूस वळतो. हनुवटीखालून डोक्यावर पांढरी पट्टी बांधलीय, तोंड उघडं राहू नये म्हणून. ती पट्टी रिबेकानं आपलं सुती पातळ फाडून काढलेली. मांडीवर भोंगा आहे.

तिला शब्बाथशाळेत शिकवलेलं आठवतं. मेलेली माणसं येत नसतात. येतं ते दुसरंच काही असू शकतं, ओळखीच्या माणसाचे कपडे घालून. तेव्हा आधी पारखून घ्यायचं. येशू प्रभू आहे असं कबूल करायला लावायचं, खोटा आत्मा तिथे अडतो. ती विचारते.

"तुम्ही कोण?"

तो दातांवरचे दात न उचलता बोलतो. "ओळखत नाहीस?"

"येशू ख्रिस्त प्रभू आहे, असं म्हणा."

तो तिच्याकडे बघतो. म्हणत नाही. खाटेवर अबीचा श्वास घरघरतो, थांबतो, बऱ्याच वेळानं पुन्हा लागतो.

"पप्पा असाल तर म्हणा ना," ती म्हणते आणि तिला रडू फुटतं.

"कशानं म्हणू? तोंड तूच बांधलंस, रिबे."

रिबे तिला एकटे पप्पाच म्हणायचे. पण जे काही आलंय त्याला हेही ठाऊक असू शकतं, हे कळण्याइतकी ती शहाणी आहे. अबीचा श्वास परत थांबतो. मग ती पुढे होते. गाठ डोक्यावर आहे, तिनंच मारलेली, एकावर एक दोन. केस गार आहेत. नखं लावून ती पहिली सोडवते, दुसरी सोडवते, पट्टी गळून पडते आणि जबडा खाली येतो, नको इतका खाली. आत काळोख आहे. रिबेका ओरडायला जाते तर आवाज नाही. तो हातानं स्वतःची हनुवटी वर ढकलून बसवतो, अडकलेला ड्रॉवर बसवतात तशी. आणि काहीही कबूल न करता भोंग्याचं टोक तोंडात घेतो.

तो वाजवतो. दुसऱ्याच ओळीला तिला कळतं की हे दर रविवारचं गीत आहे, तिनं हजार वेळा वाजवलेलं. पण तो प्रत्येक शब्दाला उशिरा पोचतोय. सूर जिथे सरळ उभा राहायला हवा तिथे तो त्याला वाकवतो, रडवेला होईपर्यंत वाकवतो. मंडळी जिथे आमेन म्हणून पुस्तक मिटते तिथे तो थांबत नाही, मागे जातो आणि तेच पुन्हा मागतो, मग पुन्हा, दर वेळी जरा वेगळं. आधी तिला राग येतो, चांगलं गीत नासवलं म्हणून. मग तिचं लक्ष अबीच्या छातीकडे जातं. सूर चढला की छाती वर येते, आणि तो दम घ्यायला थांबला की थांबते. हा माणूस भीक मागतोय, तिला कळतं. देवाकडे भीक मागतोय, आणि त्याच्याजवळ शब्द नाहीत.

"तेव्हाही वाजवलं होतं," तो दोन सुरांच्या मध्ये म्हणतो. "याच खाटेपाशी, भर दुपारी. प्रार्थनेला बसलो तर शब्दच येईनात. वाजवत राहिलो आणि तू श्वास घेत राहिलीस."

"मग सोडलंत का?"

"चर्चचे पंच म्हणाले, हा इशारा समज, पुढच्या वेळी देव पोर नेईल. मी घाबरलो. देवाला नाही गं, तू जाशील याला घाबरलो." तो वाजवतो, खोकतो. "ती भीती तुझ्या गळ्यात घालून मेलो. चुकलो मी."

रिबेकाला हे खरं वाटावंसं वाटतं, आणि इतका वेळ वाटली नव्हती एवढी भीती तिला आत्ता वाटते. कारण खोटं बोलायचं झालं तर खोटे आत्मे असंच बोलतील, आपल्याला हवं ते, आपल्या माणसाच्या आवाजात.

"मला आता दम नाही," तो म्हणतो. "मेलेल्या माणसाला तो किती असणार?"

तो गळ्यातला पट्टा काढून तिच्या गळ्यात घालतो. भोंगा जड आहे, मान खाली ओढली जाते. खाट आता एस.टी.चं बाक आहे, गाडी धावतेय, आणि बाकावरची अबी एकोणीस वर्षांची आहे. डोकं खिडकीच्या काचेला टेकलंय. ओठ निळे पडलेत. छाती हलत नाही. पप्पा मधल्या वाटेत दांडी धरून उभे आहेत, आणि त्यांच्या कापलेल्या कोटातून पलीकडचा रस्ता दिसतोय.

हे वाजलं तर देव अबीला नेणार, अशी शपथ आहे. नाही वाजलं तर अबी इथेच, तिच्या डोळ्यांदेखत चाललीय. चाळीस वर्षं ती पुस्तकात लिहिलंय तेवढंच वाजवत आलीय, आणि आता समोर पुस्तक नाही.

"प्रभू, मला हे वाजवता येत नाही," ती म्हणते आणि फुंकते.

नुसता वारा. पुन्हा फुंकते, गाल दुखतात, पुन्हा वारा. तिसऱ्या वेळी आवाज निघतो, बेसूर, रेडकानं हंबरडा फोडावा तसा, पण आवाज निघतो. काचेवर वाफेचा एक ठिपका उमटतो, अबीच्या नाकासमोर. रिबेका पुन्हा

घड्याळात सव्वाचार. पंखा फिरतोय. उशी घामानं ओली आहे आणि दारात अबी उभी आहे, खांद्याला बॅग, डोळे रडून सुजलेले.

"निघते मी," अबी म्हणते. सॅक्सोफोनचं नाव काढत नाही. वाजवणार नाही, असं सरांना कळवलंय, एवढंच खाली बघून सांगते.

रिबेका कॉटवरून उतरते, गुडघे टेकते आणि ट्रंक बाहेर ओढते. झाकणावर बोटभर धूळ आहे, कुणाचं बोट लागलेलं नाही. किल्ली पाच वर्षं तिच्या गळ्यात आहे, क्रूसाच्या साखळीत, अंघोळीलासुद्धा निघालेली नाही. कुलूप गंजलंय, दोनदा हिसडा द्यावा लागतो. आतल्या काळ्या डब्याच्या कड्या ती उघडते, भोंगा उचलते आणि लेकीपुढे धरते.

अबी हात लावते आणि चटकन मागे घेते. मग परत लावते, तळवा सगळा टेकून.

"मम्मी, हे कोमट आहे."

भोंगा कलतो. त्याच्या तोंडातून पाणी ओघळतं आणि फरशीवर थेंब पडतात, एक, दोन, मग तीन एकदम. कुणी खूप वेळ फुंकलं की आत श्वासाचं पाणी साठतं, हे अबीला माहीत आहे. ती वाकून थेंबाला बोट लावते आणि आईकडे बघते, पांढरीफटक.

"आत्ता कुणीतरी वाजवलंय हे."

कोण आलं होतं ते रिबेकाला ठाऊक नाही, आणि ते नक्की सांगणारं जगात कुणी नाही. शपथ अजून कानात आहे, शब्द न् शब्द. तिला भीती वाटतेय, स्वप्नात वाटत होती तेवढीच. ती पट्टा लेकीच्या गळ्यात घालते, मागे जाऊन उभी राहते आणि तिच्या पाठीवर दोन्ही तळवे टेकते, श्वास चाललाय ना ते कळावं म्हणून.

"वाजव," ती म्हणते. "माझ्यासमोर वाजव. गार व्हायच्या आत."