शीशमहाल आणि पांढरा रस्सा

त्या टूर मॅनेजरला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. आधीच सांगते, म्हणजे मला शहाणपण शिकवायला कुणी येऊ नये.

राजस्थानची सहल मी ठरवली ती आईसाठी. आमच्या स्वयंपाकघरात जुन्या कॅलेंडरचं एक पान कित्येक वर्षं चिकटवलेलं होतं, आमेर किल्ल्यातल्या शीशमहालाचं. भाकरी थापता थापता आई त्याच्याकडं बघायची. आमेरला जायच्या दिवशी सकाळी तिनं ठेवणीतली इरकल नेसली. म्हणाली, "एवढं आरसं हाईत म्हटल्यावर चारी बाजूंनी मीच दिसणार की!"

आईचे गुडघे गेलेले. पायथ्याशी मॅनेजर मला म्हणाला, "ताई, तुम्ही ग्रुपबरोबर पुढे व्हा. आजींना मी चाकाच्या खुर्चीतून वर आणतो." मी विश्वास ठेवला. शीशमहालाच्या दारात वाट बघत थांबले. सगळे बघून बाहेर आले, तरी आईचा पत्ता नाही. धावत खाली आले, तर आई तापलेल्या बसमध्ये एकटी आणि हा गडी सावलीत चहा पितोय! तिला त्यानं सांगितलं होतं, "आजी, बसमध्येच बसा. वर बघण्यासारखं काही नाही." मी भांड भांड भांडले. तो हसून म्हणाला, "पुढच्या वेळी दाखवू," आणि बस सुटली.

आई एवढंच म्हणाली, "जाऊ दे गं. न्हाय तर न्हाय." घरी आल्यावर मात्र तिनं ते पान भिंतीवरून काढून टाकलं. माझ्या मस्तकात तिडीक गेली ती आजतागायत उतरलेली नाही.

यंदा तोच मॅनेजर कोल्हापूरची सहल घेऊन आला आणि मलाच फोन, "ताई, मटण कुठं चांगलं मिळतं?" काय म्हणावं या निलाजऱ्याला! मी आवाजात साखर घोळली. "हॉटेल कशाला? घरी या की."

ग्रुपला इथल्या गाईडच्या हवाली करून स्वारी हजर. पाटावर बसता बसता म्हणाला, "इतक्या वेळा आलो, पण नवा राजवाडा आतून बघितलाच नाही. आज बंद व्हायच्या आत पोचणारच." म्हटलं, देव पावला!

आमच्याकडं पाहुण्याची वाटी रिकामी दिसली की भरायची. नको असेल त्यानं घोटभर रस्सा ठेवायचा आणि वर हात आडवा धरायचा. हा मुंबईचा. अन्न टाकू नये म्हणून प्रत्येक वाटी चाटूनपुसून संपवत होता. मी तांबडा ओतला, संपवला. पांढरा ओतला, संपवला. मग पुन्हा तांबडा. तिखट मी हात सैल सोडूनच घातलं होतं. त्याची कानशिलं लाल झाली, नाक गळायला लागलं, नजर सारखी घड्याळाकडं.

"बास ताई, उशीर होतोय."

"असं कसं पावणं? लाजताय व्हय?"

शेवटी तो उठायलाच लागला. आता निसटतोय म्हणून माझा जीव वरखाली झाला. तेवढ्यात आतून आई आली, एका हातात पांढऱ्या रश्श्याचं पातेलं, दुसरा हात भिंतीवर. माझ्या मनातलं मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. झालेलं ती कधीच विसरली, असं मी धरून चालले होते. पण अंगावर तीच इरकल होती.

खांद्यावर हात ठेवून तिनं त्याला खाली बसवलं आणि वाटी काठोकाठ भरली.

"बसा हो. राजवाड्यात बघण्यासारखं काय न्हाय."

त्यानं वर बघितलं. तिला ओळखलं. मग मान खाली घालून ती वाटी संपवली.

आईनं परत भरली.