दोरी चढवायची काळुरामनेच

मानपाड्याच्या काळुराम गायकरकडे तिरंदाजी शिकायला येणाऱ्या पोराला पहिल्या दिवशी एकच नियम सांगितला जायचा, आणि तो बाण कसा मारायचा याचा नव्हता. "दोरी मीच चढवनार आनि मीच उतरवनार. मधी कोनी हात लावायचा नाय." मग पोरं आपापली बांबूची धनुष्यं घेऊन रेशनच्या दुकानापुढे उभी राहावीत तशी रांगेत उभी राहायची. काळुराम एकेक धनुष्य घ्यायचा, मांडीवर वाकवायचा, दोरीचा फास वरच्या टोकाच्या खाचेत बसवायचा, पुन्हा एकदा चाचपायचा आणि देऊन टाकायचा. सराव संपला की परत तीच रांग. दोरी चढवलेली ठेवली तर बांबू दमतो, त्याचा जोर मरतो, म्हणून ती रोज उतरवावी लागते.

काळुराम कुठे हळदीला गेला की वर्ग बंद. आगरी माणसाला लग्नसराईत हळदी काय कमी असतात? पालक कुरकुरायचे. "अहो, पोरांना शिकवा ना चढवायला," असं कुणी म्हणालंच, तर तो शांतपणे सांगायचा, "माज्याकडं आजवर कोनाचा डोला गेला नाय." हे खरंच होतं.

डोळ्याचं त्याच्या मनात बसलं होतं ते उगाच नव्हे. लहानपणी त्याने मलंगगडाच्या पायथ्याच्या एका ठाकराकडून धनुष्य मिळवलं होतं. खालचं टोक घोट्याशी अडकवून तो बांबू वाकवत होता, आणि धाकटा भाऊ सुदेश समोर उभा राहून वरच्या टोकात फास अडकवत होता. घोट्याशी अडकवलेलं टोक सटकलं. वाकलेला बांबू उसळला तो थेट सुदेशच्या उजव्या डोळ्यावर. घरी विचारपूस झाली तेव्हा सुदेश म्हणाला, मीच दगडावर पडलो. त्या एका वाक्याने काळुराम जन्माचा बांधला गेला. पुढे सुदेशने काही मागितलं आणि काळुरामने नाही म्हटलं, असं कधी झालं नाही.

शेतं गेली, इमारत उभी राहिली, भाडी येऊ लागली. भावकीतल्या लोकांनी गाड्या घेतल्या. काळुरामने कल्याणच्या एका शिबिरात जाऊन रीतसर तिरंदाजी शिकून घेतली, आणि इमारतीमागच्या उरलेल्या पट्टीत गवताच्या पेंढ्या बांधून निशाणं उभी केली. लोक हसले. ज्या धनुष्याने भावाचा डोळा घेतला त्याच्याच नादी माणूस का लागतो, हे त्याला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्याला सांगता आलं नसतं. मला विचाराल, तर तो रोज सकाळी ते सटकलेलं टोक पुन्हा पुन्हा नीट बसवत होता.

त्याची मुलगी कल्पिता त्याच रांगेत वाढली. हात स्थिर, बोलणं कमी, आणि बापाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. जिल्ह्यात तिचं नाव होऊ लागलं. वयोगटाच्या शेवटच्या वर्षी राज्याच्या संघासाठी निवड चाचणी लागली, ती नव्या मुंबईकडच्या एका मैदानावर. आणि नेमकं त्याच दिवशी सुदेशच्या मुलीचं लग्न आलं.

काळुरामने त्यावर तोडगा काढला, आणि तिथेच घोळ झाला. पहाटे उठून त्याने कल्पिताच्या धनुष्याला दोरी चढवली आणि चढवलेलं धनुष्यच गाडीत घालून तिला इतर मुलींबरोबर पुढे पाठवलं. अक्षता पडल्या की मी आलोच, असं सांगितलं. धनुष्य डिकीत उन्हात तापलं, दोरी कुठेतरी घासली. मैदानावर कल्पिता पहिल्या तिघींत होती तेव्हा दोरी तुटली.

दुरुस्तीला ठरावीक वेळ मिळतो. तिच्याकडे दुसरी दोरी होती. तिने मागे येऊन एका पालकांच्या फोनवरून बापाला फोन लावला. काळुराम तेव्हा शीळफाट्याला कंटेनरांच्या मध्ये अडकला होता, डोक्यावर लग्नाचा फेटा तसाच.

"बाबा, दोरी तुटली. दुसरी आहे माझ्याकडे. मी चढवते."

"नाय. हात लावू नको गो बाय."

"हळू करते, बाबा."

"डोला गेला त मी काय करू? मी शीळफाट्याला आलूच हाय. थांब तू."

"बरं," ती म्हणाली.

काळुराम पोचला तेव्हा निशाणांचे कागद उतरवले जात होते. कल्पिता एका बाजूला बसली होती. मांडीवर सरळ झालेलं धनुष्य, हातात नवी दोरी, तशीच गुंडाळलेली. ती रडत नव्हती. "चला बाबा, जेवायला थांबले असतील सगळे," एवढंच ती म्हणाली. कल्याणचा एक प्रशिक्षक, रत्नदीप कांबळे, काळुरामला हळूच बाजूला घेऊन बोलला, "काका, मी म्हटलेलं तिला, आण, मी चढवून देतो. नको सर म्हणाली. बाबा येतायत म्हणाली."

तिने त्यानंतर धनुष्य उचललं नाही. कुठे रुसवा नाही, वाद नाही. शिक्षण संपवलं, ठाण्याला एका पॅथॉलॉजीत नोकरी धरली, लग्न करून ठाकुर्लीला गेली. ती रागावली असती तर काळुरामला बरं वाटलं असतं. चिडलेल्या माणसाची समजूत काढता येते. जो चिडलाच नाही त्याच्यापुढे काय करायचं?

त्या चाचणीला वर्ष उलटलं तसा काळुराम आपण होऊन रत्नदीपकडे गेला, आणि वयाने लहान असलेल्या त्या माणसापुढे विद्यार्थ्यासारखा बसला. रत्नदीपने त्याला टोप्यांची दोरी दाखवली. दोन टोकांना चामड्याच्या टोप्या शिवलेला साधा दोर. टोप्या धनुष्याच्या दोन्ही टोकांवर चढवायच्या, दोर जमिनीवर सोडून त्यावर पाय रोवायचा, आणि मूठ धरून धनुष्य सरळ वर ओढायचं. बांबू आपोआप वाकतो. मग मोकळ्या हाताने फास खाचेत सरकवायचा. तोंड बाजूला ठेवायचं, समोर कुणी उभं राहू द्यायचं नाही, आणि दोन्ही फास बसलेत हे बघितल्याशिवाय ओढ सोडायची नाही. झालं. लहान मूलही शिकेल असं होतं ते. काळुराम घरी आला आणि जेवला नाही.

आता त्याच्या वर्गात पहिला धडा हाच असतो. रांग बंद झाली. तो हळदीला गेला तरी पोरं आपापली दोरी चढवून सराव करतात, आणि कुणाचाही डोळा अजून गेलेला नाही. कल्पिताचं धनुष्य मात्र त्याने कुणाला दिलं नाही. त्याला तो तेल लावत राहिला. एकदा तिला बोलवायचं, तिच्या हातात टोप्यांची दोरी द्यायची आणि शिकवायचं, एवढं त्याने मनाशी धरलं होतं. मान खाली घालून माफी मागण्यापेक्षा त्याला ते सोपं वाटत होतं.

गेल्या रविवारी ती आली. पोरं घरी गेली होती. काळुरामने धनुष्य आणि टोप्यांची दोरी आणून तिच्यापुढे धरली. "ये गो, तुना एक दाखवतूं."

तिने धनुष्य घेतलं, पण टोप्यांच्या दोरीकडे बघितलंही नाही. त्याच्यासारखंच मांडीवर टेकवलं, तोंड बाजूला केलं, वाकवलं, फास खाचेत बसवला, पुन्हा एकदा चाचपला. सगळं इतकं सहज, की काळुरामचा पुढे केलेला हात तसाच राहिला.

"कदी शिकलीस?"

"कधी म्हणजे? रोज समोरच तर उभी असायचे. तुम्ही झोपलात की मागे करून बघायचे."

"मंग त्या दिवशी..."

"तुम्ही नको म्हणालात ना," ती म्हणाली. आवाजात टोचणी नव्हती. तिने दोरी उतरवली, धनुष्य त्याच्या हातात दिलं आणि आईला भेटायला आत गेली.

काळुराम त्या पट्टीत उभाच राहिला. शिकवलं नाही ही चूक कधीतरी शिकवून भरून काढता येईल, एवढ्याच आशेवर त्याने ही वर्षं काढली होती.