वहिनींनी पुसलेले तारे

आमच्या वहिनींनी आयुष्यभर लोकांचे डाग पुसले. फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत, मांजराच्या मिशीएवढा ब्रश घेऊन त्या मुरूम, तीळ, सुरकुत्या नाहीशा करायच्या. पन्नाशीतला मी नाटकाच्या जाहिरातीत पंचविशीचा नायक शोभलो, तो त्यांच्याच कृपेने. टाळ्या तेवढ्या मी घेतल्या.

निवृत्तीनंतर त्यांनी गच्चीवर दुर्बीण मांडली आणि गोलाकार तारकागुच्छांचा ध्यास घेतला. साध्या दुर्बिणीतून कापसाच्या बोळ्यासारखा दिसणारा पुंजका. पण त्याचे शेकडो फोटो घेऊन संगणकावर एकावर एक रचले, की त्यातून हजारो तारे सुटे होतात. आकाशप्रेमींच्या मंडळाने प्रदर्शनासाठी फोटो मागितला, तेव्हा वहिनींचे पाय जमिनीला लागेनात.

मंडळाचे प्रमुख दातांचे डॉक्टर. फोटो पाहून म्हणाले, "सुरेख! पण गुच्छाला कडेने टक्कल का पडलंय?"

"ते बारीक ठिपके होय? कचरा वाटला, साफ केला."

"अहो, तारे होते ते! हा नाही लावता येणार. शनिवारपर्यंत दुसरा द्या, जागा राखून ठेवतो."

वहिनींचा चेहरा उतरला. मूळ फोटो शाबूत होते, पण त्यांतला तारा कुठला आणि कॅमेऱ्याचा खोटा ठिपका कुठला? शेवटी दोन वेगळ्या रात्रींचे फोटो शेजारी लावले. दोन्हीत असेल तो तारा. एक त्यांच्यापुढे, एक माझ्यापुढे.

"भावोजी, मोठ्या ताऱ्याखाली, जरा डावीकडे?"

"आहे."

"खरंच आहे, की नाटकातलं आहे?"

"चष्मा पुसून सांगतोय, वहिनी!"

असे चार दिवस गेले. खोटा ठिपका सापडला तरी तो पुसायला त्यांचा हात पटकन पुढे होईना. "पुन्हा बघा ना," म्हणायच्या. मी पुन्हा बघायचो.

शनिवारी फोटो भिंतीवर लागला. गुच्छ कडेपर्यंत भरलेला, बारीक ठिपक्यांनी गजबजलेला. एक गृहस्थ अगदी जवळ गेले, खिशातून रुमाल काढला आणि फोटोवरच्या काचेची कड घासू लागले. मी पुढे होणार, तोच वहिनींनी मला हाताने थांबवलं.

"राहू द्या हो दादा," त्या हसून म्हणाल्या. "मी पुसून पाहिलेत. तारेच आहेत."