दोऱ्यातली बावीस मिनिटं

देशातल्या कुठल्याही दोन छोट्या विमानतळांमधलं अंतर जिभेच्या टोकावर असलेला आणि आजोबा होईपर्यंत स्वतः कधी विमानात न बसलेला एकच माणूस होऊन गेला आणि ते माझे सासरे, अण्णा, हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो. मुंबई-दिल्लीत त्यांना रस नव्हता. "ते कोणीही सांगेल. भावनगर-राजकोट विचारा!" असं म्हणून, आपण विचारायच्या आतच ते उत्तर देऊन मोकळे व्हायचे. अंधेरीला मरोळच्या त्यांच्या चाळीवरून विमानं इतकी खालून जायची की ताटातला पापड थरथरायचा. कारखान्यातून फिटरचं काम करून आले की अण्णा गॅलरीत बसायचे, मुलीचा शाळेतला नकाशासंग्रह मांडीवर घ्यायचे आणि सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा एका गावावरून दुसऱ्या गावापर्यंत ताणून पट्टीवर मोजायचे आणि त्यावरून विमानाची मिनिटं काढायचे. मी मुलगी बघायला गेलो, तेव्हा पगार राहिला बाजूला, पहिला प्रश्न आला, "औरंगाबाद ते नागपूर, विमानानं किती वेळ?" मी म्हटलं, "एसटीनं विचारा, ते भोगलंय." "पोरगा थापा मारत नाही गं!" असं आत ओरडून सांगत त्यांनी लग्न पक्कं केलं.

पुढे माझी बदली बेळगावला झाली आणि तिथंच आम्हाला मुलगी झाली. सासूबाई आधीच मदतीला आल्या होत्या. अण्णा मालवणला गावचं घर शाकारून घेत होते. मी हौसेनं त्यांना गोवा-बेळगाव विमानाचं तिकीट पाठवलं. उलट टपाली कार्ड आलं, "दहाला सुटेल. बावीस मिनिटं. बारसं अकराला ठेवा, पाळण्याची दोरी मी ओढणार." माझी आई भडकली. "मुहूर्त भटजी काढतात, दोरा नव्हे!" पण मी हट्टानं अकराचीच वेळ धरली. आता सगळ्या सोयऱ्यांसमोर अण्णांची अब्रू त्या दोऱ्याला टांगलेली होती, आणि थोडी माझीही.

दहा बावीस झाले. मी विमानतळाच्या कुंपणाला नाक लावून उभा. विमान दिसलं, पण उतरेना. एकदा गोल फिरलं, पुन्हा फिरलं आणि टेकलं तेव्हा साडेदहा झाले होते. अण्णा नवा लेंगा सावरत उतरले, ते तोंड पाडूनच.

"सुटलं दहालाच. आठ मिनिटं चुकलो, जावईबापू."

"वरून सह्याद्री कसा दिसला?"

"बघितला कोणी? मी घड्याळ बघत होतो ना!" रिक्षात बसल्यावर ते म्हणाले, "मी घिरट्या धरल्याच नाहीत हो. त्या नेहमी आमच्या गॅलरीवरच व्हायच्या. मला वाटायचं, ती मिनिटं घरचीच."

आम्ही पोचलो तेव्हा अकराला पाच मिनिटं होती. आई दारात घड्याळाकडे बघत उभीच होती. अण्णांनी तिला वाकून नमस्कार केला, खिशातून तोच काळा दोरा काढला आणि नातीच्या कमरेला करदोटा म्हणून बांधला. आईनं पाळण्याची दोरी त्यांच्या हातात दिली. त्या क्षणी मला त्यांचा इतका अभिमान वाटला की डोळे पुसायला मी स्वयंपाकघरात गेलो.

त्यानंतर अण्णा प्रत्येक उत्तरात आठ मिनिटं मिळवून सांगायचे, "घिरट्या धरून!" आता अण्णा नाहीत; त्यांच्या मरोळच्या खोलीत आम्ही राहतो. अंधेरीवर एखादं विमान उतरायचं सोडून गोल फिरत राहिलं, की शेजारी कुरकुरतात. मी मात्र गॅलरीत उभा राहून ती मिनिटं घरचीच धरतो.